एका तांब्यात दाढी: कार्ट्रिज रेझर आणि जुना ब्रश-साबण यांची जोडी कशी जमवायची?

एरवी आपण इथे मोबाईल, चार्जर आणि ॲप्सबद्दल बोलतो. आज जे गॅजेट घेतलंय त्याला बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, अपडेट येत नाही. पण इंजिनिअरिंग भरपूर आहे आणि रोजच्या वापरात त्याची वाट आपण मोबाईलपेक्षा जास्त लावतो. ते म्हणजे कार्ट्रिज रेझर.

मला या विषयावर येणारा प्रश्न साधारण एकच असतो. "तीन ब्लेडवालं रेझर घेतलं, तरी गळ्यावर पुटकुळ्या येतात. चार दाढ्यांत ब्लेड तुंबतं. आता पाच ब्लेडवालं घेऊ का?" माझं उत्तर: नका घेऊ. आधी एक दाढीचा ब्रश घ्या आणि खालची पद्धत पंधरा दिवस करून बघा. रेझर आहे तेच राहू द्या.

आता मी हे कुठून बोलतोय ते सांगतो, कारण जागेचा या विषयाशी थेट संबंध आहे. मी मूळचा मोखाड्याकडचा. पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे दोन शेजारी तालुके, डोंगराळ, बहुतेक वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची. पावसाळ्यात इथे छत्री उलटी होईल असा पाऊस पडतो. आणि मार्च-एप्रिलपासून कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघायची वेळ येते. मोखाडा तालुक्यातच कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून तिथलं पाणी मुंबईला जातं, रोज ४५५ दशलक्ष लिटर ही त्या प्रकल्पाची क्षमता. म्हणजे मुंबईत एखादा मुलगा बेसिनचा नळ सोडून दाढी करतो तेव्हा वाहून जाणाऱ्या पाण्यात आमच्या डोंगरातलं पाणी असू शकतं. धरणाच्या राजकारणात मी आज शिरत नाही. मुद्दा एवढाच, की आमच्याकडे मे महिन्यात दाढीला एक तांब्या पाणी मिळतं आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईने डोक्यावरून आणलेलं असतं. त्या एका तांब्यात चांगली, न जळजळणारी दाढी होते का? होते. कशी, तेच आज बघू.

नळ गृहीत धरून बनवलेलं यंत्र

आधी थोडा इतिहास, पण पटकन. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाने १९०१ साली बॉस्टनमध्ये कंपनी काढली. वापरून फेकायचं पातळ दुधारी ब्लेड आणि त्याला धरणारं रेझर, ही त्याची कल्पना. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड एवढीच विकली गेली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि धंदा उसळला. १९७१ मध्ये दोन ब्लेड एका प्लास्टिकच्या डोक्यात कायमची बसवलेलं ट्रॅक टू आलं. ब्लेड वेगळं निघत नाही, अख्खं डोकंच बदलायचं, त्या डोक्याला म्हणायचं कार्ट्रिज. १९९८ मध्ये तीन ब्लेडचं मॅक थ्री, २००६ मध्ये पाच ब्लेडचं फ्यूजन. ब्लेडची संख्या कशी वाढत गेली ते बघितलं की मागच्या बाजूला कॅमेरे वाढत गेलेले फोन आठवतात.

पण आपल्यासाठी खरी कामाची गोष्ट २००२ ची आहे. जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचं रेझर आणलं. भारतीय माणूस दाढी किती दिवसांनी करतो, केस किती दाट असतात, याचा विचार करून त्यात तुंबलेले केस ढकलून काढायची एक पट्टी दिली होती. त्याची चाचणी घेतली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. सगळ्यांना रेझर आवडलं. भारतात मात्र ते फसलं. का? तर त्या विद्यार्थ्यांच्या खोलीत नळाला धो धो पाणी होतं. इथे घरोघरी माणूस जमिनीवर बसून, पुढ्यात छोटा आरसा आणि कपभर पाणी घेऊन दाढी करत होता. वाहत्या पाण्याशिवाय ती पट्टी काही कामाची नव्हती आणि ब्लेड तुंबत होतं. ही गोष्ट त्या कंपनीच्याच मोठ्या अधिकाऱ्याने नंतर पत्रकारांना सांगितली आहे.

मग कंपनीची माणसं भारतात आली, लोकांच्या घरी बसून दाढी कशी करतात ते पाहिलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये गार्ड नावाचं रेझर निघालं. किंमत १५ रुपये, नवीन कार्ट्रिज ५ रुपये. ब्लेड एकच. पुढे कंगव्यासारखे मोठे दात, म्हणजे कातडी ब्लेडखाली फुगून येणार नाही, आणि कपातल्या पाण्यात बुडवून हलवलं तरी साफ होईल अशी रचना. मॅक थ्रीमध्ये २५ सुटे भाग, गार्डमध्ये ४. आता किमती तेव्हाच्या राहिल्या नाहीत, पण विचार लक्षात घ्या. कमी पाण्यासाठी ज्यांनी खास रेझर बनवलं त्यांनी ब्लेड वाढवली नाहीत, कमी केली.

म्हणून माझं सरळ मत: अठरा-वीस वर्षांचा मुलगा, पहिलं रेझर घेतोय आणि घरी नळाचा भरवसा नाही, तर एक किंवा दोन ब्लेडचं कार्ट्रिज घ्या. ज्यांच्याकडे तीन-पाच ब्लेडचं आधीच आहे त्यांनी फेकू नका. त्यांना पुढची पद्धत जास्तच लागेल.

केस मऊ होणं हेच अर्धं काम

कोरडा दाढीचा केस चिवट असतो. पण केस केराटिनचा बनलेला असतो आणि केराटिन पाणी पितं. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की तो फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. जुने लोक दाढीला गरम पाणी, ब्रश आणि वेळ देत होते त्यामागे एवढंच विज्ञान आहे. आमचे आजोबा दाढीला बसायचे तेव्हा निम्मा वेळ नुसता फेस करण्यात जायचा. रेझर हातात यायचं ते शेवटी.

बरं, केस तर मऊ आणि ब्लेड पोलादाचं, मग ब्लेड बोथट का होतं? २०२० मध्ये एमआयटीच्याच संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरी धारेचे कपचे उडतात. केस ब्लेडसमोर वाकून तिरका झाला, आणि नेमकं त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की धारेला चीर जाते आणि तुकडा निघतो. म्हणजे धार हळूहळू गोल होण्यापेक्षा तिचे कपचे उडण्याचा भाग मोठा आहे. आता यावरून "ब्रश वापरला की ब्लेड अमुक दिवस टिकतं" असा आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका, तसं त्यात म्हटलेलं नाही. पण भिजलेला केस कमी जोरात कापला जातो हे पक्कं आहे, आणि तुम्ही जोर कमी लावला की कातडीही वाचते.

इथेच डब्यातल्या फोमची गोष्ट सांगून टाकतो. बटण दाबलं की भस्सकन फेस येतो, छान वाटतं. पण तो गॅसने फुगवलेला असतो, गालावर ठेवला की वरच्यावर बसतो, केसांच्या मुळाशी पाणी पोचवायचं काम करत नाही. ब्रश ते करतो. ब्रशच्या केसांत पाणी धरून राहतं आणि तो गोल फिरवला की साबण-पाणी मुळापर्यंत घासलं जातं, झोपलेले केस उभे राहतात. कमी पाण्याच्या घरात ब्रश ही चैन नाही, पाणी वाचवायचं साधन आहे.

आता प्रत्यक्ष: एक तांब्या, दोन भांडी

तांब्याभर पाणी म्हणजे साधारण लिटरभर धरा. त्यातलं अर्धं चुलीवर किंवा गॅसवर गरम करा, बोट सहज बुडवता येईल एवढंच. गरम पाणी एका वाटीत, उरलेलं साधं पाणी उंच पेल्यात. उंच पेला का, ते पुढे कळेल.

आधी चेहरा साध्या साबणाने धुवा. धूळ, घाम आणि तेल गेलं नाही तर पाणी केसात शिरत नाही. जे पोरगं दिवसभर शेतावर किंवा मोटरसायकलवर आहे त्याने हे टाळूच नये. मग पंचाचं टोक गरम पाण्यात बुडवून, पिळून, दाढीवर दोन मिनिटं दाबून धरा. सलूनमध्ये हाच गरम टॉवेल मिळतो, त्याचे वेगळे पैसे लागतात. हे होईपर्यंत ब्रश वाटीतल्या गरम पाण्यात भिजत ठेवा.

ब्रश कुठला? प्लास्टिकच्या मुठीचा, नायलॉनच्या केसांचा साधा ब्रश तालुक्याच्या बाजारात मिळतो, तो पुरतो. महागड्या प्राण्यांच्या केसांच्या ब्रशचे व्हिडिओ बघून पैसे घालवू नका. नायलॉन लवकर वाळतो, आपल्या पावसाळी हवेत तर हाच मोठा फायदा. जाडसर केसांचा जुना ब्रश दमट हवेत नीट वाळला नाही की वास मारतो.

क्रीम ट्यूबमधलं असेल तर बदामाएवढं बस. वाटीतला दाढीचा साबण असेल तर ओला ब्रश त्यावर वीस-तीस वेळा फिरवा. अंगाचा साबण चालतो का, असं विचारणारे भरपूर आहेत. अडीनडीला चालतो, पण त्याचा फेस पातळ आणि लवकर विरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिडचं प्रमाण जास्त असतं, त्याने फेस दाट होतो आणि टिकतो. वेष्टनावर घटकांची यादी असते, ती एकदा वाचा. फोनचा रॅम आणि प्रोसेसर बघता तसंच.

ब्रश झटका, निथळता नको. क्रीम थेट गालावर लावा आणि ब्रश गोल गोल फिरवा. एक मिनिट झालं की फेस दिसतो आणि नवशिका इथेच थांबतो. थांबू नका. ब्रशचं टोक पाण्याला नुसतं टेकवा, दोन-चार थेंब येतील, पुन्हा फिरवा. असं तीन-चार वेळा. फेस घट्ट दह्यासारखा आणि चकाकणारा झाला पाहिजे. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. पांढरा, कोरडा, चुन्यासारखा दिसला तर पाणी कमी आहे. शेवटी ब्रश रंग लावल्यासारखा सपाट फिरवून फेस एकसारखा करा.

एक गंमत तुम्हाला जाणवेल. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरून दाढी केली तर फेस चटकन आणि भरपूर होतो. उन्हाळ्यात बोअरचं किंवा तळाला गेलेल्या विहिरीचं पाणी असेल तर तेवढ्याच क्रीमला फेस धरत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की ते साबणाला धरून पांढरा चोथा बनवतं. अशा वेळी पाणी वाढवू नका, क्रीम थोडं वाढवा.

रेझर फिरवताना: इथे जुनी पद्धत जशीच्या तशी घेऊ नका

सगळ्या लेखातला हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक व्हिडिओ इथेच चुकीचं शिकवतात.

जुन्या दुधारी ब्लेडच्या रेझरने तीन हात मारायची पद्धत आहे. पहिला केसांच्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा उलटा. दर हाताआधी नवीन फेस. एकाच ब्लेडला हे ठीक आहे. आता हीच पद्धत पाच ब्लेडच्या कार्ट्रिजला लावा. एका हातात कातडीवरून पाच ब्लेड जातात. तीन हात म्हणजे पंधरा वेळा. आणि प्रत्येक ब्लेड केसासोबत कातडीचा थरही खरवडतं. मग जळजळ का होते हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट. एकापेक्षा जास्त ब्लेडच्या कार्ट्रिजमध्ये पुढचं ब्लेड केसाला पकडून थोडा वर ओढतं आणि मागचं ब्लेड तो आणखी खालून कापतं. मग उरलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो. सरळ केस असेल तर फार बिघडत नाही. कुरळा असेल तर तो वाढताना आतच वळतो, तिथे लाल पुटकुळी येते, कधी पूही होतो. गळ्यावरच्या त्या पुटकुळ्या, ज्यासाठी मुलं फेसवॉश बदलत बसतात, त्यातल्या पुष्कळ या प्रकारच्या असतात.

म्हणून मी सांगतो: तयारी जुनी घ्या आणि हात कमी करा. तीन किंवा जास्त ब्लेड असतील तर केसांच्या दिशेने एकच हात. फार गुळगुळीत हवं असेल, लग्नकार्य असेल, तर पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा, फक्त गालांवर. गळ्यावर उलटा हात नको. एक ब्लेडचं कार्ट्रिज असेल तर दोन हात बिनधास्त मारा.

जुन्या रेझरला कोन सांभाळावा लागतो, साधारण तीस अंशाचा. कार्ट्रिजला तो कोन कारखान्यातच बसवून दिलेला असतो आणि बहुतेकांचं डोकं हलतं, त्यामुळे कोन शोधायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण डोकं गालाला टेकलं पाहिजे, रबराची पट्टी पुढे आणि चिकट पट्टी मागे. मूठ टोकाकडे, दोन-तीन बोटांत धरा. मुठीत आवळून धरली की जोर येतोच. इंच-दीड इंचाचे छोटे हात मारा. फेस गेलेल्या जागेवरून रेझर पुन्हा फिरवू नका. राहिलाच एखादा खुंट तर बोटाने थोडा फेस लावून मग फिरवा. कातडी न्हावी ताणतात तशी जोरात ताणू नका, केस आत जायला तेवढंही पुरतं. गळ्याची मुडपलेली कातडी सरळ होईल इतकीच ओढा.

आता तो उंच पेला. दर दोन-तीन हातांनी कार्ट्रिज पाण्यात पूर्ण बुडवून मागेपुढे जोरात हलवा. पाणी मागच्या फटींतून शिरून पुढून बाहेर आलं पाहिजे. उंच पेल्यात कापलेले केस तळाला बसतात आणि वरचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं, ताटलीत तसं होत नाही. बादलीच्या काठावर टक टक आपटू नका, ब्लेड बारीक पट्ट्यांवर बसवलेली असतात, ती हलतात. आणि दोन आठवड्यांची दाढी असेल तर आधी कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा. वीटभट्टीवरून किंवा बांधकामावरून सुट्टीला आलेली मुलं थेट कार्ट्रिज लावतात, ते पहिल्या गालावरच तुंबतं आणि मग रेझरला शिव्या.

नळ सोडून दाढी केली तर किती पाणी जातं? नळ मिनिटाला सहा लिटर धरला आणि पाच मिनिटं चालू राहिला तर तीस लिटर. म्हणजे दोन हंडे. इथे लिटरभरात काम झालं.

फोनचं काय काम?

आहे. केस कुठल्या दिशेला झुकलेत हे आरशात नीट दिसत नाही, विशेषतः गळ्यावर. दोन दिवसांची दाढी असताना उजेडात गळ्याचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. बहुतेकांच्या गळ्यावर केस सरळ खाली नसतात, एका बाजूला तिरके किंवा कानाकडे वळलेले असतात. फक्त एक सावधगिरी. सेल्फी कॅमेरा स्क्रीनवर आरशासारखी उलटी प्रतिमा दाखवतो, पण सेव्ह झालेला फोटो बऱ्याच फोनमध्ये सुलटा असतो, म्हणजे डावं-उजवं बदलतं. सेटिंगमध्ये 'मिरर' असा पर्याय असतो, तो सुरू करा म्हणजे फोटो आरशाशी जुळेल. नाहीतर सगळ्यात सोपं, बोट गालावरून फिरवा. जिकडे गुळगुळीत लागेल ती केसांची दिशा.

फोन आरसा म्हणून वापरणार असाल तर वाफेच्या वाटीपासून लांब ठेवा. आयपी ६८ लिहिलंय म्हणून बिनधास्त राहू नका. ती चाचणी साध्या पाण्यातली असते. साबण आणि वाफ यांची हमी त्यात नाही.

तुरटी, आणि तिच्याबद्दलचे गैरसमज

दाढी झाली की गार पाण्याने चेहरा धुवा आणि ओला तुरटीचा खडा फिरवा. अर्धा मिनिट थांबून पुन्हा पाणी. तुरटीने कातडी आकसते आणि बारीक रक्त थांबतं. माझ्या दृष्टीने तिचा खरा उपयोग वेगळाच: तुरटी तुम्हाला रिपोर्ट देते. जिथे चुरचुरलं तिथे तुम्ही जोर जास्त लावला. आठवडाभर लक्ष ठेवा, चुरचुरणारी जागा बहुधा एकच निघते, बहुतेकदा जबड्याच्या कडेखाली. तिथला हात हलका करा.

पण तुरटी म्हणजे जंतुनाशक औषध नव्हे. एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरणारा खडा मला मान्य नाही. खोबरेल तेल दोन थेंब लावायला हरकत नाही, पण मुरमं असतील तर तेही नको. पू झालेल्या पुटकुळीवरून रेझर फिरवू नका, आठ-पंधरा दिवस दाढी वाढू द्या. तरी बरं नाही झालं तर जव्हारला कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. मेडिकलवाल्याकडून परस्पर स्टिरॉइडची ट्यूब आणून चोपडू नका. आधी बरं वाटतं, नंतर कातडी पातळ होते.

खर्च, नकली माल आणि रूमवरचं एक रेझर

पैशांचं गणित साधं आहे. समजा कार्ट्रिज १५० रुपयांचं आहे. आठ दाढ्यांत फेकलं तर एक दाढी जवळजवळ १९ रुपयांना पडली. चौदा झाल्या तर ११ रुपयांच्या आत. कार्ट्रिज कधी बदलायचं याचं कॅलेंडर नसतं. केस ओढल्यासारखा वाटला की बदला. वरची चिकट पट्टी झिजली म्हणजे ब्लेड संपलं असंही नाही. ती पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरची असते आणि विरघळणं हेच तिचं काम. म्हणून रेझर पाण्यात भिजत ठेवू नका. वापरून झालं की झटका, फडक्याला हलकेच टेकवून पाणी टिपा आणि डोकं वर करून कोरड्या जागी ठेवा. न्हाणीत नको. जव्हारच्या पावसाळ्यात न्हाणीत ठेवलेलं काहीच वाळत नाही.

दुधारी ब्लेडचं रेझर यापेक्षा खूपच स्वस्त पडतं, हे मान्य. काही रुपयांत ब्लेड मिळतं. हात बसलेल्या माणसाने तेच वापरावं. पण शिकताना कापतं, आणि सकाळची एसटी पकडायची असेल तर कार्ट्रिज बरं.

कार्ट्रिज ऑनलाइन घेताना फार स्वस्त दिसलं की थांबा. पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असलाच पाहिजे, तो कायदाच आहे. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, तर परत करा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि मूठ कुठल्या मालिकेची आहे ते बघून घ्या. मॅक थ्रीच्या मुठीला फ्यूजनचं कार्ट्रिज बसत नाही.

आता शेवटचं, आणि यात मी मस्करी करत नाही. आमच्याकडची पुष्कळ मुलं बोईसर-तारापूरच्या कंपन्यांत, वसईला, भिवंडीला कामाला जातात. एका खोलीत पाच-सहा जण. साबण एक, कंगवा एक, आणि रेझरही एकच. रेझरवर न दिसणारं रक्त राहतं. कावीळ ब आणि क हे आजार अशा रक्तातून पसरू शकतात, आणि ज्याला आहे त्याला कित्येकदा वर्षानुवर्षं माहीतही नसतं. गरम पाण्यात बुडवलं, तुरटी फिरवली, डेटॉल लावलं, याने ते रेझर दुसऱ्यासाठी सुरक्षित होत नाही. मूठ एकच ठेवून प्रत्येकाचं कार्ट्रिज वेगळं, हाही जुगाड मला नको वाटतो, गडबडीत अदलाबदल होतेच. एक ब्लेडचं स्वस्त रेझर प्रत्येकाला परवडतं. मुठीवर रंगीत दोरा बांधा किंवा नेलपॉलिशचा ठिपका द्या. ब्रशसुद्धा आपापला.

सलूनमध्ये गेलात तर वस्तऱ्यात अर्धं ब्लेड लावतात. ते पाकिटातून काढून तुमच्या समोर मोडायला सांगा. चांगला कारागीर याचा राग धरत नाही, बरेच जण न सांगताच तसं करतात.

जुनी कार्ट्रिज आणि ब्लेड उकिरड्यावर टाकू नका. पाड्यावर पोरं अनवाणी फिरतात, गुरं उकिरड्यात तोंड घालतात. झाकणाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला फट पाडा आणि त्यात टाकत जा. एक डबा भरायला वर्षं लागतात. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' असं मोठ्या अक्षरात लिहून, भंगारवाल्याला हातात द्या.